पत्रकाखालचं नाव

आमच्या घरी कोणताही कागद आला, की वडील एकच विचारतात, "खाली सही कोणाची हाये?"

त्यांना वाचता येत नाही. पुलगावच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी उभं आयुष्य कापसाच्या गाठी उचलल्या. तरुणपणी तिथं कोणीतरी पुढं केलेल्या कागदावर त्यांनी अंगठा उमटवला आणि एका चोरीच्या पंचनाम्यात पंच म्हणून अडकले. मग कितीतरी वर्षं तारखेला वर्ध्याच्या चकरा. चोर कोण होता आणि चोरी कसली होती, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून कागदात काय लिहिलं आहे यापेक्षा त्याच्याखाली कोण उभं आहे, याचीच त्यांना काळजी.

मी त्यांचा मुलगा. आमच्या खानदानातला पहिला बी.ए. हे मी मिरवतो आणि पुढंही मिरवीन. माझी आई नाचणगावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. चुलीच्या धुरानं तिचे डोळे कायम लाल असतात, आणि त्या डोळ्यांनी तिनं माझी मार्कलिस्ट उलटीसुलटी करून पाहिली आहे. राज्यशास्त्र घेऊन मी पहिल्या वर्गात पास झालो. अक्षर माझं चांगलं. कॉलेजच्या भित्तिपत्रकाचा मजकूर तीन वर्षं माझ्याच हातचा असायचा.

पण डिग्री घेऊन गावात परतलो आणि पुढं काही हललं नाही. परीक्षा देत राहिलो, ओसरीवर नववी-दहावीच्या शिकवण्या घेत राहिलो. पानठेल्यापाशी उभं राहिलं की कोणीतरी विचारणारच, "मंग, का करून राह्यला आता?" विचारणारा चौथी नापास असायचा आणि त्याच्याकडे नवी मोटरसायकल असायची. त्या प्रश्नाला उत्तर द्यायला लागू नये म्हणून मी रस्ता बदलून जायचो.

अशा दिवसांत भाऊ आले. त्यांना सगळेच भाऊ म्हणायचे. पुलगाव रस्त्यावर त्यांचं मोटारपंप रिवायंडिंगचं दुकान होतं. एका मोठ्या पक्षात बरीच वर्षं घालवून, तिकीट मिळालं नाही म्हणून बाहेर पडून, त्यांनी स्वतःचा पक्ष काढला होता. त्या पक्षाचं नाव मी इथं लिहीत नाही. लोक विसरले आहेत, विसरू द्यावं. मोठे पक्ष हिंदूंच्या नावावर मतं घेतात आणि निवडून आले की ढिले पडतात, आपण ढिले पडायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. दुकानाच्या मागच्या खोलीत, तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांत आणि वॉर्निशच्या वासात, दहा-बारा पोट्टे बसायचे. तेच कार्यालय.

भाऊ एके दिवशी आमच्या ओसरीपुढं गाडी थांबवून म्हणाले, "सर, तहसीलदाराले एक निवेदन द्याचं हाये. लिहून देता काय?"

सर. शिकवणीच्या पोरांखेरीज मला सर म्हणणारा तो पहिला माणूस.

पुढं जे झालं त्याचा दोष मी त्या एका शब्दावर टाकू शकतो. टाकणार नाही. मला कोणी फसवलं नाही. मी जे लिहायचो ते मला पटायचं, निदान लिहिताना तरी पटायचं. माझ्या जागेवर दुसरंच कोणी बसलं आहे म्हणून मी उभा आहे, हे ऐकायला बरं वाटायचं. कोण बसलं आहे ते भाऊ सांगायचे. मी ते शुद्ध मराठीत उतरवायचो.

आमचा पक्ष वाढला. खोटं कशाला बोलू, फार भराभर वाढला. चौकाच्या नावावरून निवेदन, दुकानांच्या पाट्यांवरून निवेदन, सणाच्या दिवशी काय विकलं जावं यावरून निवेदन. प्रत्येकाच्या खाली माझी सही आणि पुढं बी.ए. पेपरच्या जिल्हा पानावर कोपऱ्यात बातमी यायची. पुलगावहून देवळीपर्यंत मोटरसायकलींची रांग काढली, तेव्हा पुढची गाडी पोचली तरी मागची निघायची होती. नगरपरिषदेत आमचे दोघं निवडून आले. ज्या कचेरीत वडिलांना बाकावरून उठवत, तिथं मला खुर्ची द्यायला लागले. मी सचिव झालो होतो. आईनं माझं व्हिजिटिंग कार्ड शाळेतल्या दुसऱ्या खिचडीवालीला दाखवलं, मग पदराला हात पुसून परत घेतलं आणि डब्यात ठेवलं.

मग आठवडी बाजाराचं पत्रक आलं.

भाऊ म्हणाले, "सर, बाजारात आपल्या मान्सानं आपल्याच मान्सापासून घेतलं पाह्यजे. मुसलमानाच्या दुकानावर कोणी फटकू नये. असं लिवा का वाचनाऱ्याच्या आंगावर काटा आला पाह्यजे."

मी एका बैठकीत लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं. ते असं होतं: "ज्याच्या हातात आपण आपल्या घराची चाबी देतो, त्याच्या मनात काय आहे हे आपण कधी विचारलं आहे काय?" हे वाक्य हवेतून आलं नव्हतं. बाजारात मटक्यांच्या रांगेशेजारी चाबीवाले चाचा बसायचे. चाब्या बनवायच्या, कुलपं दुरुस्त करायची, छत्रीच्या काड्या, बॅगेच्या चेनी. माझ्या कॉलेजच्या बॅगची चेन त्यांनी कितीदा बसवून दिली, मोजलं नाही. मला ते "कालेजवाले" म्हणायचे. लिहिताना डोळ्यांपुढं तेच होते. वाक्य चांगलं झालं या आनंदात ते कोणाबद्दल आहे याचं मला काही वाटलं नाही.

छापखान्यात मालक म्हणाला, "खाली प्रकाशकाचं नाव लागंन. त्याच्याबिगर मी छापत नाई."

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. "मंग तुमचंच टाका ना सर. शिकलेल्या मान्साचं नाव असलं तं वजन पडते. आमाले कोन विचारते."

मला तो मान वाटला. मीच छापखानेवाल्याला सांगितलं, नावापुढं बी.ए. टाक, आणि नाव ठळक कर.

संध्याकाळी गठ्ठा घेऊन घरी आलो. वडिलांनी एक पत्रक उचललं, बोटांनी कागद चाचपला. "खाली कोणाचं नाव हाये?"

"माझं."

"तुह्या भाऊचं काऊन नाई?"

"त्यांना एवढं लिहिता येत नाही, बाबा."

"मले तं काईच येत नव्हतं," वडील म्हणाले. "तरी माहाच अंगठा घेतला."

मी हसलो. जिनिंगचा कागद वेगळा, हा वेगळा, असं काहीतरी बोललो.

बाजाराच्या दिवशी मी भाजीच्या ओळीत पत्रकं वाटत होतो. मटक्यांकडून आरडाओरड ऐकू आली म्हणून तिकडं गेलो. आमच्यातल्या चौघा-पाच जणांनी चाचांना दुकान उचल म्हणून सांगितलं होतं. ते म्हणाले, बाजार उठला का मीबी उठतो. तेवढ्यावरून पोट्ट्यांनी त्यांची पाल ओढली. बांबू पडला. मग एकानं त्यांची लाकडी पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि मागच्या नाल्यात ओतली. चाब्यांचा झुबका पाण्यात पडताना जो आवाज झाला, तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. चाचांनी माझ्याकडं पाहिलं की नाही, मला सांगता येत नाही, कारण मी हातातल्या पत्रकांकडं पाहत होतो.

मी पेटीला हात लावला नाही. मी थांबवलंही नाही.

आता गंमत सांगतो, आणि ही खरीच गंमत आहे. त्या पेटीत काय होतं, याचा विचार आमच्यातल्या एकानंही केला नव्हता. अवजारं तर होतीच. पण लोकांनी मागच्या बाजारी दुरुस्तीला दिलेली कुलपंही होती. आणि लोक म्हणजे कोण? आमचेच. दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी कार्यालयाच्या दारात येऊन बसली.

"भाऊ, माह्या कोठीचं कुलूप देऊन द्या."

"बुढे, आमच्यापाशी कायचं कुलूप?"

"चाचापाशी होतं. चाचाची पेटी तुमच्या पोट्ट्याइनं फेकली. मंग आता मी कोनाले मांगू?"

भाऊंनी तिला हिंदूंच्या एकीबद्दल काहीतरी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो ना बाप्पा. पन कोठीत गहू हाये, उंदरं जाऊन राह्यले."

त्यानंतर रांगच लागली. कोणाच्या पेटीचं, कोणाच्या गोठ्याचं. एक कास्तकार तर दुकानाबाहेर रस्त्यावरच उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "बहिष्कार करा ना, मी कुठं नाई म्हनतो. माह्या मोटारीच्या खोलीचं कुलूप देऊन करा." पानठेल्यावरचे सगळे हसले. शेवटी भाऊंनी पोट्ट्यांना नाल्यात उतरवलं. गुडघाभर चिखलात अर्धा दिवस हात घालून तीन कुलपं निघाली. चाबी एकाचीही नव्हती. बाजूनं जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारायचा, "भेटलं काय बे?"

पक्षाला पोलिसांनी मारलं असं मला वाटत नाही. त्याला त्या हसण्यानं मारलं. भाऊ रस्त्यानं निघाले की कोणीतरी मागून कुलूप उघडल्यासारखा जिभेनं टक्क आवाज काढायचं. ज्यांना घाबरायचं त्यांच्यावर लोक हसायला लागले, की मग रांगेत गाडी घेऊन कोण येणार?

पण पोलीसही आले. चाचांनी तक्रार दिली होती. पेटी फेकणाऱ्याचं नाव सांगायला बाजारातला एकही माणूस तयार झाला नाही. पत्रक मात्र सगळ्यांच्या हातात होतं, आणि त्याच्याखाली नाव एकच होतं, ठळक. गुन्हा माझ्यावर दाखल झाला.

आधी आमचे दोन नगरसेवक मोठ्या पक्षात गेले. काही दिवसांनी भाऊही गेले, त्याच पक्षात, ज्यानं त्यांना तिकीट दिलं नव्हतं. वर्ध्याला एका सभागृहात हार घालून घेतला. पत्रकारांनी बाजाराबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, ते पत्रक एका कार्यकर्त्यानं परस्पर काढलं होतं. सरचा कार्यकर्ता झालो, तोही बिननावाचा. दुकानामागच्या भिंतीवरचं आमच्या पक्षाचं नाव पुसून तिथं पाणबुडी मोटारीची जाहिरात रंगवली. वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला उतरलो की चौकातल्या फ्लेक्सवर आजही भाऊ हात जोडून दिसतात.

आणि त्याच सुमारास तलाठ्याच्या परीक्षेचा निकाल लागला. मी यादीत होतो.

हे वाचणाऱ्याला यात काय विशेष, असं वाटेल. ज्या घरात कोणी कधी कायम नोकरीवर नव्हतं, त्या घरात विचारा. आईनं त्या दिवशी शाळेतल्या सगळ्या पोरांच्या खिचडीत जास्तीचं तेल सोडलं आणि शाळेच्या बाईंची बोलणी खाल्ली. वडील जिनिंगमध्ये गेले आणि ज्याच्या-त्याच्यापाशी काहीतरी वेगळाच विषय काढून शेवटी त्यावर आले.

मग नोकरीआधी भरायचा साक्षांकनाचा नमुना आला. त्यात एक रकाना होता: आपल्याविरुद्ध कोणतेही फौजदारी प्रकरण प्रलंबित आहे काय? होय किंवा नाही.

मी वकिलाकडं गेलो. त्यांनी कागद चाळले आणि सरळ सांगितलं, "तीन साक्षीदार आहेत. दोघं तुमच्याच पार्टीतले, ते पलटतील. राह्यला चाबीवाला. त्याले मराठी वाचता येत नाई. त्यानं फक्त एवढंच म्हणावं, पत्रकात का आहे मले मालूम नाई. मग पत्रकामुळं भांडण झालं हे कोण सिद्ध करंल? निकाल लवकर लावून घेऊ, सुटल्याचा कागद जोडून दे. जाऊन भेट त्याले. पाया पडाचं काम पडलं तं पड."

चाचा आता पुलगावला नव्हते. कारंज्याला पोरीकडं राहायला गेले होते. मी आर्वीला बस बदलून कारंज्याला गेलो. महामार्गावर एका ढाब्याच्या बाजूला, लिंबाखाली, ते ट्रकवाल्यांच्या पेट्यांची कुलपं दुरुस्त करत बसलेले दिसले. पेटी नवी होती, पत्र्याची. चाब्यांचा झुबका लहान होता.

"कालेजवाले," ते म्हणाले. "बस."

बसायला त्यांनी पोतं सरकवलं. माझ्या खांद्यावरच्या बॅगकडं पाहून हात पुढं केला. "चेन गेली वाटते. आण इकडं."

मी बॅग दिली. ती मुद्दाम दाखवायला नेली नव्हती, माझ्याकडं एकच बॅग आहे.

"कामानं आलतो, चाचा."

"ते दिसूनच राह्यलं. कारंज्याले कोनी हवा खायले येते काय." त्यांनी पक्कडीनं चेनीचं टोक दाबलं. "कोर्टाचा कागद आला मले. त्याच्यासाठीच ना?"

"हो."

त्यांनी पेटीच्या झाकणातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत घडी केलेलं पत्रक होतं. कडेला वाळलेल्या चिखलाचा डाग.

"हे नाल्याच्या काठावर भेटलं. एक पोलिसानं नेलं, एक मी ठेवलं. पोरीले वाचाले देतो तं अर्ध्यात थांबते. म्हनते, असंच हाये काईतरी, अब्बा. जावई हातच लावत नाई. आता तू आला तं तूच वाच. तुह्यावानी कोन वाचंन."

माझ्या लक्षात आलं, की वकील म्हणाले ते खरं आहे. या माणसाला आत काय लिहिलं आहे ते पुरतं माहीत नाही. मी फक्त एवढं म्हणायचं होतं: जाऊ द्या ना चाचा, झालं ते झालं. किंवा वाचायचं, पण दोन ओळी इकडच्या तिकडं करून, काहीतरी मऊ. त्यांना कळलं नसतं. मग कोर्टात ते जे बोलले असते ते त्यांच्यापुरतं खरंच असतं, आणि मी तलाठी झालो असतो.

मी वाचायला लागलो. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित माझं लिहिलेलं मी चुकीचं वाचू शकत नाही एवढंच असेल. ट्रक जात होते, हॉर्न वाजत होते, म्हणून मोठ्यानं वाचावं लागत होतं. ढाब्यावरचा एक क्लीनर ग्लास विसळता विसळता थांबून ऐकायला लागला. मी चाबीच्या वाक्यापाशी आलो आणि थांबलो.

चाचांनी बॅगवरून मान वर केली नाही. "फुडं."

मी ते वाक्य वाचलं. मग शेवटपर्यंत वाचलं.

"नावबी वाच."

मी माझं नाव वाचलं. बी.ए. सकट.

त्यांनी चेनीचा आणखी एक दात बसवला. मग म्हणाले, "चांगलं लिवते तू." त्यात टोमणा नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तीस साल मी त्या बाजारात बसलो. गावाच्या अर्ध्या घराच्या चाब्या माह्या हातानं घासल्या. कोनाच्या घरात गेलतो काय मी कधी?"

"नाही."

"मंग हे कोठून काढलं?"

भाऊंची सगळी वाक्यं मला पाठ होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. "लिहिता लिहिता आलं," मी म्हणालो.

त्यांनी चेन दोनदा वर-खाली ओढून पाहिली आणि बॅग माझ्या मांडीवर ठेवली. "कोर्टात मले विचारतीन, याच्यात का लिवलं हाये. आता मले मालूम झालं. मी खोटं बोलत नाई."

"हो."

"तूच वाचून दाखवलं, हेबी सांगीन. पुरं वाचलं, काई गाळलं नाई." मग म्हणाले, "चेनीले साबन घासत जाजो. नाई तं पुन्हा जाईन."

मी पैसे दिले. कोणाही गिऱ्हाईकाकडून घ्यावे तसे त्यांनी घेतले.

आर्वीच्या स्टँडवर बसची वाट पाहताना माझ्या लक्षात आलं, की ज्यासाठी गेलो होतो ते मी मागितलंच नाही.

आई चुलीपुढं बसली होती. "मानला काय तो?"

"मी विचारलंच नाई, माय."

तिनं सराट्यानं पिठलं हलवलं. "मंग गेलता कायले?"

मी बॅग खुंटीला अडकवली.

नमुना भरायची मुदत संपायच्या दिवशी मी त्या रकान्यात "होय" लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. पुढं चाचांची साक्ष झाली. त्यांनी जे सांगतो म्हटलं होतं ते सांगितलं, मी वाचून दाखवलं तेही सांगितलं. त्या दुसऱ्या गोष्टीचा मला उपयोग होईल असं त्यांना वाटलं असावं. सरकारी वकिलानं मात्र ती माझ्याविरुद्धच लावली: लिहिणारा हाच, हे आरोपीनं स्वतः कबूल केलं. खटला अजून चालू आहे. तारखेला मी वर्ध्याला जातो, ज्या बाकावर वडील बसायचे कदाचित त्याच बाकावर बसतो.

पत्र मागच्या महिन्यात आलं. पोस्टमन गेला तेव्हा वडील ओसरीवर होते. त्यांनी पाकीट हातात घेतलं, वरचा शिक्का पाहिला आणि माझ्याकडं दिलं. "वाच."

मी वाचलं. निवड रद्द करण्यात येत आहे, कारण अमुक, नियम अमुक. सगळं वाचलं, एक शब्द गाळला नाही. आई दारात येऊन उभी होती.

"खाली सही कोणाची हाये?" वडिलांनी विचारलं.

"साहेबाची."

"त्यानं सोताच केली ना?"

"हो. स्वतःच."

वडिलांनी मान हलवली. कागद घेतला, घडी नीट केली, नखानं दाबली. त्यांचं बोट सहीच्या जागेवर थोडं थांबलं. मग आईच्या हातात देत म्हणाले, "ठेव पेटीत. याच्या डिग्रीपाशी."